भाजलं का?

मूळचे तीर्थपुरीचे काकासाहेब जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या एका मिलमध्ये एकोणीस वर्षं चिमट्यावर होते. चिमट्यावर म्हणजे काय, ते आधी सांगतो. यंत्रातून लालभडक सळई बाहेर आली की ती चिमट्यात धरायची आणि वळवून पुढच्या खाचेत घालायची. यंत्राच्या अलीकडे काकासाहेब, पलीकडे आष्टीचे सर्जेराव. एकाने सोडायची, दुसऱ्याने धरायची. चुकली तर पाय गेला म्हणून समजा.

आवाज असा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. अंगठा ओठाला लावला की चहा. कपाळावर आडवा हात म्हणजे साहेब आला. दंडावरून दोन बोटं फिरवली की, भाजलं का? त्यावर पंजा हलवायचा, न्हाई. मांडीवर टरटरून फोड आला असला तरी न्हाईच. हो म्हटलं की जोडीदाराचा हात बिचकतो, आणि पुढची सळई काही थांबत नाही. गेटबाहेर पडलं की दोघांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे तोंडाने बोलणं असं फारसं झालंच नाही.

मागच्या वर्षी मालकांनी नवं यंत्र आणलं. ते सळई आपोआप धरतं, आपोआप वळवतं, वर तंबाखूलाही उठत नाही. चिमट्यावरची माणसं जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. गेटवर पाटी लागली, 'आयटीआय पास, कॉम्प्युटर येणे आवश्यक'. सुपरवायझरने काकासाहेबांना बाजूला घेतलं.

"तुमची दहावी झालीय. नव्या यंत्राचं पॅनल शिकून घ्या. जुन्यातला एकच ठेवणार हायेत, बोभाटा करू नका."

त्यांनी बोभाटा केला नाही. शिफ्ट सुटल्यावर तीन आठवडे थांबून पॅनल शिकले. थांबतोस कशाला, असं सर्जेरावांनी हातानेच विचारलं, तर यांनी अंगठा ओठाला लावला. एकोणीस वर्षांत त्यांचा हात पहिल्यांदा खोटं बोलला. सर्जेरावांची शाळा चौथीतच सुटलेली, सांगूनही काही फरक पडला नसता. पण हे मी म्हणतोय. काकासाहेबांना स्वतःची अशी समजूत घालता आली नाही.

चिमट्यावरची बाकी माणसं गेली, त्यांत सर्जेरावही. काकासाहेब आता काचेच्या केबिनमध्ये बसतात. गार हवा, फिरती खुर्ची. "आमचे हे आता बसून काम करतात," असं त्यांची बायको दैवशाला गावभर सांगते. शेजारचे दोघे ऑपरेटर त्यांना अदबीने काका म्हणतात आणि कानात वायर घालतात. चहाची तलफ आली की काकासाहेबांचा अंगठा आपसूक ओठाकडे जातो. काचेपलीकडे ती खूण ओळखणारं कुणी नसतं. भरल्या कारखान्यात माणूस इतका एकटा पडतो, हे त्यांना पन्नाशीत कळलं. सर्जेरावांच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, एवढं एक कळलं तरी पुरे, असं त्यांना झालं होतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ते नवीन जालन्यात गेले. सर्जेराव तिथे एका बियाणे कंपनीच्या गेटवर वॉचमन होते.

"ये, बस."

"कसं चाललंय?"

"बराबर चाललंय. सावलीतलं काम हाय."

"पोरं?"

"हायेत."

आणि बोलणं संपलं. इतक्या शांततेत दोघं कधी बसलेच नव्हते. सर्जेरावांचा आवाज इतका बारीक आहे, हेही काकासाहेबांना नव्यानेच कळलं. विचारायचं ते राहूनच गेलं. "मंग निघतो," म्हणून ते उठले.

रस्ता ओलांडला. मधून ऑटो, मोटारसायकली, हॉर्नचा नुसता कल्ला, काही म्हणजे काही ऐकू येईना. तेव्हा कुठे त्यांना धीर आला. त्यांनी वळून दंडावरून दोन बोटं फिरवली. भाजलं का?

पलीकडे सर्जेरावांचा पंजा सवयीने वर आला. पण तो हलला नाही, तसाच खाली गेला. मग त्यांनी सावकाश मान डोलावली. हो.

काकासाहेब रस्त्याकडेला उभेच राहिले. यावर काय म्हणायचं असतं, त्याची खूण मिलमध्ये कुणाला कधी लागलीच नव्हती.