भावजींचं यंत्र आणि सासूबाईंची खिडकी

आमचे भावजी कचरा डेपोत कामाला. डेपोची भिंत आणि आमच्या सासूबाईंच्या खोलीची खिडकी यांच्यात फक्त एक बोळ. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, "ती खिडकी उघडा गं." कशी उघडणार? उघडली की नाकातले केस जळायचे! आणि भावजी दोनदा अंघोळ करूनही आईशी बोलायचे ते उंबऱ्यावर उभं राहून. "माझ्या अंगाला वास येतो," म्हणे.

मग डेपोत सेन्सर आले. वास वाढला की भिंतीवरचं यंत्र तो ओळखणार आणि शेडमधले पंखे, औषधाचे फवारे आपोआप सुरू होणार. देखरेख भावजींकडे. मी म्हटलं, "चला, आता तरी ती खिडकी उघडेल."

पण कसलं काय! रोज सकाळी, शेड धुऊन लख्ख असतानाच यंत्र बोंबलायला लागायचं. फवारे सुटायचे, आणि दुपारी खरा कचरा येईपर्यंत औषधाची टाकी रिकामी. साहेबांनी सुनावलं, "असंच चाललं तर हे यंत्रच काढून टाकू." त्या दिवशी भावजी जेवले नाहीत. मी टोमणासुद्धा मारला नाही, यावरून काय ते समजा.

सेन्सर बसवणारी बाई पुन्हा आली. तिने विचारलं, "याला कोणी हात लावतं का?"

भावजी छाती फुगवून म्हणाले, "हात? मी रोज सकाळी फिनेलने पुसतो ना! लेकरासारखं जपतो."

बाईने कपाळावर हात मारून घेतला. फिनेलच्या वासानेच बिचारं ओरडत होतं!

कोरडं फडकं आलं आणि यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं. वास पार गेला असं नाही म्हणणार, खोटं कशाला बोलू? पण एका दुपारी, कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होत असताना, मी घाबरत घाबरत खिडकी उघडली. वारा आला. सासूबाईंनी डोळे मिटून पोटभर श्वास घेतला. त्या यंत्राचे, त्या बाईचे आणि आमच्या वेंधळ्या भावजींचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

संध्याकाळी भावजी नेहमीसारखे उंबऱ्यावर. "आई, बरं वाटतंय ना?"

"खिडकी उघडलीस रे बाळा," सासूबाई म्हणाल्या. "आता तू आत ये."

मी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले. त्या दोघांसमोर डोळे कुठे पुसणार?