देवीच्या मोकळ्या जागेवरची ओटी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा नांदेडमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शहराच्या टोकाला आमच्या हद्दीत धरणात गेलेलं एक अख्खं गाव आणून बसवलं होतं. सरकारने प्लॉट पाडून दिले, पण लोकांनी आपसांत अदलाबदल करून जुने शेजार कायम ठेवले. विहिरीजवळची घरं ‘विहिरीजवळची’च राहिली, तिथे विहीर नसली तरी. शहर पार त्यांच्या दाराशी आलं होतं, पण बाजाराला निघताना ही माणसं अजून ‘नांदेडला जाऊन येतो’ म्हणत.

एका उन्हाळ्यात त्यांची गावदेवी नाहीशी झाली. गावदेवी म्हणजे शेंदूर माखलेला नारळाएवढा दगड, गाव सोडताना पुजाऱ्याने डोक्यावरून आणलेला. मी पंचनामा केला. पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन आला, “त्या मिस्त्रीला इचारा. बाहेरचा हाय तो.”

मिस्त्री कंधारकडचा. वस्तीत विकत प्लॉट घेऊन राहिलेला तो एकटाच. मला संशयित आयताच मिळाला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याला ठाण्यात बोलावून बसवलं, दमात घेतलं. तो एकच सांगत होता, “साहेब, म्या न्हाई नेली.” दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. “पाण्याच्या नळावर उभं राहू देईनात साहेब. घर सोडा म्हणून राहिले.” कायदा हातात घेऊ नका, असं वस्तीला बजावतो, एवढं बोलून मी तिला परत पाठवलं.

संध्याकाळी आमच्या हवालदार बाई कागद लावत होत्या. पंचनामा वाचून त्या थांबल्या. “साहेब, मोकळ्या जागेवर खण, नारळ, तांदूळ, असं तुम्हीच लिहिलंय. देवी पाठवताना ओटी भरतात. चोर कशाला भरील?”

मी स्वतः नोंदवलेली वस्तू मलाच दिसली नव्हती. सकाळी पुजाऱ्याकडे गेलो. म्हातारा अंगणातच होता. ओटीचं नाव काढताच तो बोलता झाला.

“म्याच नेली. धरणाचं पाणी आटलं, तिचा जुना ओटा उघडा पडला. तिला एकदा तिची जागा दाखवावी म्हनलं. मंग मिस्त्रीवर आळ आला, अन् मला बोलायचं धाडस झालं न्हाई. गावानं मला तोडलं असतं.”

त्याला जीपमध्ये घेऊन धरणावर गेलो. भेगाळलेल्या गाळात, पडक्या ओट्यावर देवी जागच्या जागी होती. पुजारी तिच्यासमोर लहान मुलासारखा रडला. त्याच दिवशी ती वाजतगाजत वस्तीत परतली. चोरी नव्हतीच, म्हणून तसा अहवाल पाठवून मी प्रकरण बंद केलं. गावाने पुजाऱ्याला तोडलं नाही. तो त्यांचा होता.

मिस्त्रीच्या दारात मात्र टेम्पो उभा होता. भांडी, थापी, ओळंबा चढवून झालं होतं. “आता राहा की, आळ गेला तुझ्यावरचा,” मी म्हणालो. तो म्हणाला, “साहेब, हे समदे एकदा उठून आलेत. उठनं काय असतं ते ह्यांना ठावं हाय. तरी मला उठवलं.”

मला त्याची माफी मागायची होती. अंगावर वर्दी होती, चारचौघं बघत होती, मी मागितली नाही. पुढे प्रत्येक तपासात ‘इथे बाहेरचा कोण’ हा प्रश्न ओठांवर आला की मी तो गिळला. पण ती माफी राहून गेली, आणि त्याचा पत्ताही मी कधी विचारून ठेवला नाही.