काशीच्या झाकणावरचे आकडे

मिरकरवाड्याच्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये कुजबुज होती, की काशी मटक्याचे आकडे घेते. कोळंबी सोलता सोलता थर्माकोलच्या पेटीच्या झाकणावर पेनाने काहीबाही खरडायची. दोनाच्या डोक्यावर तीन, पाचाच्या डोक्यावर शून्य. आता एवढं पाहून गप्प बसेल ती जीभ कसली!

काशीने चाळिशी ओलांडलेली. शेडची मुकादमी रिकामी होणार होती आणि मालक बाळाशेटनी सांगून ठेवलेलं, दहावी पास बाईच हवी. काशीचं गणित दोनदा राहिलेलं. तिसऱ्यांदा फॉर्म भरला तो कुणाला कळू न देता. ओल्या हातांत वही टिकत नाही, म्हणून झाकणं. "पाया तोच, गुणाकार असला तर घातांक मिळवायचे," असं ती पुटपुटत राहायची. हे मंत्र आहेत, असंही एकीने परस्पर ठरवून टाकलं.

मुकादमी शेडमध्येच सोलणाऱ्या यमुनाबाईला आपल्या दहावी पास सुनेसाठी हवी होती. एका सकाळी तिने झाकण उचललं ते थेट बाळाशेटपुढे आपटलं.

"हिला आधी हाकला, शेट! शेडमध्ये मटका चालवते."

"काय गो काशे, काय हे?"

बोलावं तर नापासाचं पितळ उघडं, न बोलावं तर काम जाणार. काशी दात खाऊन म्हणाली, "घातांक आहेत. दहावीला बसलेय. तिसऱ्यांदा."

शेड खदाखदा हसली.

"नातवंडं खेळवायच्या वयात दहावी!" यमुनाबाई फिसकारली. "मग सांग, पाचावर शून्य म्हणजे किती?"

"एक."

"एक कसला? शून्य! पाचाला खाल्लान शून्याने."

"यमुनाबाय, पाच टोपल्या पाच जणींत वाटल्या तर एकीला किती?"

"एक."

"तेच. पाचाला पाचाने भागलं, घातांकातून घातांक वजा गेला, डोक्यावर शून्य राहिलं. उत्तर एकच. दोन्ही वेळा मी शून्य लिहून आपटले. तुम्ही आज आपटलात."

या वेळी हसू दुसऱ्या बाजूने आलं. बाळाशेट एवढंच म्हणाले, "निकाल लागेपर्यंत मुकादमी कुणालाच नाही."

निकालात काशीला गणितात सदतीस मिळाले. मुकादमी तिलाच मिळाली. यमुनाबाई आजही तिच्याकडे पाठ करूनच कोळंबी सोलते.

मटका लावत होता तो यमुनाबाईचा नवरा, शेडमध्ये पेट्या वाहणारा विठू. आकडे तो काशीच्या झाकणांवरून उचलायचा. बायकोने पकडल्यावर त्याने आकडे देणारी म्हणून काशीचं नाव सांगितलं होतं, म्हणून तर ती झाकण घेऊन शेटपुढे गेली होती. त्याचा एकही आकडा लागला नव्हता.