खालच्या गल्लीचा उपास

परदेशातून कुणी आपल्याला लोकशाही शिकवायला आलं की माझं डोकं आधीच तापतं. उंटावरून शेळ्या हाकायची हौस नुसती! आणि पोटापाण्यासाठी मी त्याच लोकांची दुभाषी. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या संस्थेचं छोटंसं ऑफिस आहे. हॉलंडमधल्या एका नदीकाठच्या गावाची नगरपालिका आणि आम्ही मिळून शिरोळ तालुक्यातल्या एका गावात काम करत होतो. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण सरपंच अजून तेच आहेत. जयसिंगपूरहून वडापच्या जीपनं जाता येतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

काम तसं साधं होतं. महापूर आला तर काय करायचं, हे गावानंच ग्रामसभेत ठरवायचं. हॉलंडवाले एक मोटरबोट देणार, आणि तिच्याबरोबर त्यांची एक अट. बोटीचा प्रत्येक निर्णय भरल्या ग्रामसभेत हात वर करून घ्यायचा, आणि पत्रिकेवरचा शेवटचा विषय झाल्याशिवाय सभा उठवायची नाही. नाहीतर बोट दुसऱ्या गावाला. अट ऐकून सरपंच धैर्यशीलराव माझ्याकडे बघून गोड हसले.

"रूपाली मॅडम, आमच्याकडं सगळं उघड्यावरच असतंय की."

त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तो लागायला राजमती आक्का भेटाव्या लागल्या.

राजमती आक्का खालच्या गल्लीत राहतात. जैन शेतकऱ्याचं घर, दारात म्हशी, मागं भाजीचा तुकडा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की नदीपलीकडच्या माणसानं "ओ" द्यावी. पहिल्या भेटीत माझी ओळख करून दिली तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"त्यांचं आमाला सांगतीस ते ठीक हाय. आमचं त्यांना सगळं सांगतीस का गाळून?"

"सगळं सांगते," मी म्हणाले.

"बगू की," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या चहावर मला मागच्या महापुराची हकीकत कळली. तेव्हा गावात एकच सरकारी नाव आली होती. ती बांधली कुठं, तर वरच्या आळीत, सरपंचांच्या पायऱ्यांना. मग आधी वरची आळी निघाली. माणसं निघाली, मग त्यांचे टीव्ही निघाले, एका घरचा फ्रीजसुद्धा निघाला. खालच्या गल्लीत पाणी आधी शिरतं आणि शेवटी ओसरतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आक्कांची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला घेऊन आक्का गच्चीवर प्लास्टिकच्या कागदाखाली भिजत बसून राहिल्या. पूर ओसरला आणि म्हातारी न्यूमोनियानं गेली.

"पाण्यानं न्हाय मेली," आक्का म्हणाल्या. "नंबर लागला न्हाय म्हणून मेली."

आता त्यांच्या शेजारची धोंडुबाई अर्धांगवायूनं आडवी होती, आणि पावसाळा फार लांब नव्हता. आक्कांना एक ठराव हवा होता. बोट खालच्या गल्लीच्या तोंडाला बांधायची. अंथरुणाला खिळलेली माणसं आधी न्यायची, मग पोटुशा बाया, मग पोरं आणि म्हातारी, धडधाकट माणसं सगळ्यांत शेवटी. आळी कुठलीही असो, जात कुठलीही असो. हा विषय त्या सभेमागून सभेत देत होत्या आणि तो दर वेळी पुढच्या सभेवर जात होता.

का जात होता, ते ऐकून मी कपाळाला हात लावला. सभा संध्याकाळी पाचला. हॉलंडच्या नगरपालिकेकडून आलेल्या मारिकेबाईंनीच ती वेळ सुचवली होती, कारण त्यांच्याकडे लोक कामावरून सुटले की सभेला येतात. सरपंचांनी लगेच "व्हय व्हय, पाचच बेस" म्हणून मान डोलावली होती. खालची गल्ली बहुतेक जैनांची. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणजे ऊन कललं की बायका चुलीकडे पळणार. सत्कार आणि भाषणांत दिवस कलेपर्यंत वेळ काढायचा, नको तो विषय तळाला ठेवायचा, आणि बायका उठल्या की "गणसंख्या न्हाय" म्हणून मोकळं व्हायचं. पुरुष बसून राहिले तरी तोंड उघडणार नाहीत, कारण त्यांच्या उसाची तोड सरपंचांच्या शब्दावर. आम्ही मंगळवार पेठेतली माणसं रात्री अकराला तांबडा-पांढरा रस्सा ओरपणारी. मला हे कुठून सुचणार? पण सरपंचांना बरोबर सुचलं होतं. देवाधर्माचा असा उपयोग करणाऱ्या माणसाची मला अजून चीड येते.

मी हे मारिकेबाईंना सांगितलं तेव्हा त्या बाईचा चेहरा पडला. पळसाला पानं तीनच. त्यांच्या गावातही म्हणे अडचणीचा विषय असाच तळाला ढकलतात, लोक शेवटच्या बससाठी उठेपर्यंत. त्या लगेच म्हणाल्या की सभा दुपारी घेऊ.

आक्कांनी जागच्या जागी नकार दिला. "नको. येळ बदलली तर त्यो दुसरं कायतरी काढंल. हीच येळ ऱ्हाऊ दे. ह्यांना म्हणावं, तुमी फकस्त उठू नका. बाकी आमचं आमी बगतो."

सभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव, हलगी, फेटे. मारिकेबाईंना बांधलेला फेटा डोळ्यांवर येत होता. पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. कोल्हापूरकराला शाल-नारळ दिला की तो विरघळतो, ही आमची जुनी खोड. सरपंचांनी तोच डाव आक्कांवर टाकला. माइकवरून "आदर्श महिला" म्हणून त्यांचं नाव पुकारलं आणि शाल उलगडून उभे राहिले.

आक्का जागच्या हलल्या नाहीत. "पुरात भिजल्यावर शालीची ऊब ऱ्हात न्हाय, सरपंच. इषय घ्या."

मांडवात खसखस पिकली. सरपंचांनी हसून शाल ग्रामसेवकाच्या गळ्यात घातली आणि आभाराचं भाषण सुरू केलं. ऊन भिंतीवर चढत गेलं. मग त्यांनी मावळतीकडे पाहिलं आणि आवाजात तूप ओतलं.

"माझ्या मायभगिनींची जेवणाची येळ झाली. धर्माचा मान आपुन राखलाच पायजे. ऱ्हायलेला इषय पुढच्या सभेत."

कुणी उठलं नाही. एकही बाई पदर झटकून उभी राहिली नाही. सरपंचांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. तरी खालची गल्ली मांडी घालून जशीच्या तशी बसलेली.

"आज उपास हाय," आक्का म्हणाल्या.

"कुनाचा?"

"सगळ्या गल्लीचा. सकाळी पाणी पिऊन सोडलंय. आता उद्या उन्हं वर आल्याशिवाय तोंडात काय जाणार न्हाय. मग घरी जाऊन करू काय?"

मागून शिवगंगा नावाची लिंगायत बाई ओरडली, "माझा बी उपास हाय!"

"तुझा कसला गं? तुमचा सोमवार असतोय की!" सरपंच म्हणाले.

"मग आज सोमवारच समजा!"

"आनि घरच्यांनी काय खायचं?" सरपंचांचा एक माणूस गुरगुरला.

"दुपारीच भाकऱ्या बडवून ठेवल्यात," आक्का म्हणाल्या. "हात हायत की त्यांना. घेतील वाढून."

आता मात्र सरपंचांचं तूप संपलं. "बाहेरच्या मानसांपुढं गावाची अब्रू काढतीस व्हय, आक्का?"

"अब्रू? माझी सासू गच्चीवर कुडकुडत हुती, तवा तुमी नावेतनं फ्रीज न्हेला. आमची अब्रू तवाच व्हावून गेली. आता जीव तेवडा ऱ्हायलाय, त्यो वाचवायला बसलोय."

सरपंच माझ्या कानाशी आले. "मॅडम, त्यांना सांगा, सभा झाली, बाई आभार मानत्यात. गाडी तयार हाय."

मी मारिकेबाईंकडे वळले आणि सगळं सांगितलं. उपासाचं, फ्रीजचं, आणि आता मला काय सांगायला लावलंय तेही. त्या बाईनं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि निरोप दिला, की आमची घाई नाही, अट ठरल्याप्रमाणे शेवटचा विषय होईपर्यंत आम्ही इथेच बसू. मी तो माइकवर मराठीत सांगितला, आणि खरं सांगते, आयुष्यात कुठलंही भाषांतर मी इतक्या चवीनं केलं नाही. परक्यांनी काय मदत करावी असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. शिकवू नका, दिलेल्या शब्दाला धरून बसा. बाकी उपास आमचे आम्ही धरतो.

ट्यूबलाइट लागल्या. ग्रामसेवकानं ठराव वाचला. बायकांचे हात एकदम वर गेले. पुरुषांनी आधी जमिनीकडे बघितलं, मग बायकोकडे, मग एकेक हात भीत भीत वर आला. शेवटी वरच्या आळीतलेही थोडे आले, कारण म्हातारी माणसं तिथंही होती. ठराव पास झाला आणि आक्का नुसतं "हं" म्हणाल्या.

पुढं हॉलंडचा करार संपला, मारिकेबाई आपल्या गावी गेल्या. आणि आषाढात नदी चढली. मी जयसिंगपूरच्या एका शाळेत पूरग्रस्तांना बघायला गेले होते, तेव्हा बोट चालवणाऱ्या आकारामनं मला दारातच गाठलं.

"मॅडम, ही आक्का येडी हाय. धोंडुबाईला घेतलं, दोन पोटुशा घेतल्या. जागा हुती. म्हटलं, आक्का, चला. तर म्हणती, मी धडधाकट हाय, वर सरपंचाची आई पडून हाय अंथरुणाला, तिला आण जा आदी."

"मग?"

"मग काय? आणली. सरपंचानं सोता उचलून बोटीत ठेवली. वर मान करून बगितलं न्हाय त्यानं. आक्का शेवटच्या खेपेला आल्या, छातीएवढ्या पाण्यातनं."

आक्का आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, केस अजून ओले. त्यांच्या शेजारच्या गादीवर सरपंचांची आई झोपलेली. मला रडू आलं आणि रागही आला. मी त्यांच्यापुढं बसले आणि ओरडलेच, "आक्का, भीती वाटली नाही तुम्हाला?"

"वाटली की. लई वाटली." त्यांनी त्या म्हातारीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "पर ठराव मी मांडला. पयला मीच मोडू व्हय?"