अमेरिकेची मशीन आणि आमचा माळ

औंढ्याजवळच्या आमच्या माळावर भारत आणि अमेरिका मिळून एक मोठी प्रयोगशाळा उभारणार असं ठरलं, तेव्हा मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. लोकांना मराठीत समजावून सांगेल असं कुणीतरी पाठवा, असा प्रकल्पाच्या साहेबांचा फोन मुख्याध्यापकांना आला. त्यांनी मला पाठवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

माळाच्या कडेला बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथल्या बऱ्याच घरांची जमीन प्रकल्पात जाणार होती. तांड्यातल्या देवळापुढे फळा टेकवून मी काटकोनात दोन लांब रेघा काढल्या. दूर आकाशात दोन प्रचंड तारे एकमेकांवर आदळले की त्याची लहर इथवर येते, आपल्याला ती जाणवतही नाही, पण या रेघांसारख्या लांब नळ्यांमधून धावणारा उजेड ती टिपतो, असं सांगितलं. यंत्रं अमेरिकेची, जमीन आणि माणसं आपली. जगात आपल्या देशाचं नाव होईल, असंही म्हणाले. तेव्हा मला ते मनापासून वाटत होतं.

समोर एक म्हातारी बसली होती. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. पुढे मीही म्हणू लागले. तिचंही वावर जाणार होतं. त्या दिवशी ती नुसती फळ्यावरच्या रेघा बघत राहिली.

बोलली ती अमेरिकेहून एक शास्त्रज्ञ पाहणीला आले तेव्हा. उंच, वयस्कर माणूस, उन्हानं लालबुंद झालेला. शाळेत शाल-नारळ झाला, दोन देशांच्या मैत्रीवर भाषणं झाली. दुभाषी मीच होते. मग याडी उठली.

"बाई, त्याला इचार. त्याच्या देशात बी अशी मशीन हाय म्हणं. तिथं त्या जमिनीवर आधी कोण राहायचं?"

मी इंग्रजीत विचारलं. पाहुणे म्हणाले, "मला माहीत नाही. मी नंतर कामाला लागलो. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"आन मी जित्ती हाय तवर हिथली चालू व्हईल का?"

"कदाचित नाही," ते म्हणाले.

मी जसंच्या तसं सांगितलं. याडी खाली बसली आणि सुनेला म्हणाली, "खरं बोलला माणूस." साहेबांनी मात्र बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. "बाई, दोन देशांचा मामला आहे. जरा सांभाळून सांगत जा."

नंतर जमिनी गेल्या, मोबदला मिळाला, माळाला कुंपण झालं. आणि मग नुसतं थांबणं सुरू झालं. इथलं सरकार बदललं, तिथलं बदललं. टीव्हीवर दोन्हीकडचे नेते गळाभेट घेताना दिसले की दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर कुणीतरी हटकायचं, "बाई, आता तर व्हईल ना?" अमेरिकेनं आपल्या मालावर कर वाढवला की तोच माणूस विचारायचा, "आता काहून देतेत ते मशीन?" सुरुवातीला मी पेपर वाचून नीट उत्तरं द्यायचे. पुढं पुढं नुसतं "होईल" म्हणायचे. जवळा बाजार गावात भाजी घेताना तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. मी निवृत्त झाले तेव्हा नवरा म्हणाला, "आता तरी सोड ते." मी सोडलं, पण लोकांनी मला सोडलं नाही.

एका सकाळी फळीवरची भांडी खडखडली. आमच्या जिल्ह्यात असे धक्के अधूनमधून बसतात, कुरुंद्याकडे तर जास्तच. पण या वेळी अमेरिकेच्या मशीननं जमीन हलवली, अशी आवई उठली. तांड्याचे प्रमुख असलेल्या नाईकांचा फोन आला. गुडघे दुखत होते, तरी गेले. यंत्रं अजून यायचीच आहेत, हा धक्का जमिनीचा आपला आहे, असं सगळ्यांना सांगितलं.

याडीची सून म्हणाली, "मग हलत्या जागी ते काहून बांधून राहिले?"

"तज्ज्ञांनी सगळा विचार केलेला आहे," मी म्हणाले. बोलता बोलता आवाज मला माझा वाटेना, कचेरीतून आल्यासारखा वाटला. सून पुढं काही विचारेना, तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याचंच वाईटही वाटलं.

याडी बाजेवर पडून होती. नजर पार अधू झालेली. माझा हात धरून म्हणाली, "बाई, मला येकदा वावर दाखव."

ऑटो करून आम्ही तिघी गेलो. फाटकावरच्या माणसानं आधी नाही म्हटलं, मग याडीकडं बघून थोडं आत जाऊ दिलं. काम आता खरंच सुरू झालं होतं. मुरमाचा रुंद रस्ता, खणलेली लांबच लांब जागा, खोदकामाच्या गाड्यांची घरघर. बांध, बाभळी, काहीच उरलं नव्हतं.

"कुठं हाय गं माजं?" याडीनं विचारलं.

सुनेनं एकीकडं बोट दाखवलं, मग दुसरीकडं, आणि हात खाली घेतला. मलाही सांगता येईना. याडी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत उभी राहिली.

"चला," ती शेवटी म्हणाली, "पायाला तकलीफ व्हायली."

परतताना ऑटोत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तांडा येईपर्यंत मी हलले नाही.