न चाळलेली माती

वर्दी उतरवून बरीच वर्षं झाली, पण मुळशीतल्या त्या कबड्डीच्या मैदानाची आठवण निघाली की मी आजही खुर्चीतून उठतो आणि येरझाऱ्या घालायला लागतो. बायको विचारते, "आता काय झालं?" काही झालं नाही, हेच तर सांगायचं आहे. काही झालेलं नसतानाही एक माणूस आरोपी झाला होता.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी त्या भागातल्या ठाण्यात फौजदार होतो. आमची जीप कायम उतारावर उभी असे, कारण ढकलल्याशिवाय ती चालू होत नसे. सकाळची हजेरी, मग अर्ज, बांधाची भांडणं, हरवलेली जनावरं. मोठा गुन्हा क्वचितच. भातकापणी उरकली की गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होत आणि आमच्या डोक्याला ताप व्हायचा. पकडीवरून सुरू झालेली बाचाबाची कधी काठ्यांवर येईल याचा नेम नसे.

उरवड्याच्या अलीकडच्या एका गावात फार जुनं मंडळ होतं. नावं मुद्दाम घेत नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गावातले बडे शेतकरी, सगळे त्यांना अप्पा म्हणत. तरुणपणी ओढ्याकाठच्या शेतात त्यांनी हुतूतूचं मैदान केलं, तेव्हा त्यांच्या बरोबरीनं खपणारा दुसरा गडी बौद्ध वस्तीतला होता. दोघांनी मिळून मंडळ उभं केलं. मैदानावर शिवताशिवत नव्हती, मैदानाबाहेर होती. तो गडी पुढे वारला. त्याचा मुलगा मंडळाचा सगळ्यात तेज चढाईपटू झाला. कुणाच्या हाती लागत नाही म्हणून पोरं त्याला 'पारा' म्हणायची.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या होत्या. ओढ्याकाठचं शेत मालकानं एका कारखानदाराला विकलं, म्हणून मंडळाला मैदान हलवावं लागलं आणि शाळेजवळ नवं मैदान झालं. दुसरी गोष्ट, कर्णधारपद. सगळ्यांना वाटत होतं पारा होणार. झाला अप्पांचा मुलगा. पारा चिडला, चार पोरं घेऊन बाहेर पडला आणि वस्तीत स्वतःचं मंडळ काढलं.

मग तो सराव सामना. अप्पांचा मुलगा पकडीत सापडला, फरपटला आणि ओरडला. पिंढरीपासून टाचेपर्यंत पाय उभा चिरला होता. मातीतून काचेचे तुकडे निघाले. त्याला जीपगाडीत घालून पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं आणि अप्पा तसेच, रक्ताचा सदरा घालून, माझ्या पुढ्यात येऊन बसले.

"साहेब, मैदानात काच पेरली. पोराचा पाय जातोय माझ्या."

"संशय कुणावर?"

"सांगायला कशाला पायजे? समद्या गावाला ठावं हाय."

मी फिर्याद लिहून घेतली. घातक साधनानं दुखापत, कलम तीनशे चोवीस, अनोळखी इसमाविरुद्ध. अप्पांना 'अनोळखी' शब्द आवडला नाही, पण त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी खबर आली. माझे हवालदार त्याच खोऱ्यातले, माणूस भला, पण उतावळा. टोपी काखेत मारून धावतच आत आले. "सायेब, सापडला! गिरणीवाल्यानं बगितलंय त्याला. सामन्याच्या आदल्या सकाळी, उजाडताना, मैदानापाशी. घमेलं व्हतं संगट, वर गोणपाट झाकल्यालं. आता बोला!"

मी काय बोलणार? पाऱ्याला चौकशीला आणलं.

तो कारखान्याच्या खाकी कपड्यांतच आला. उरवड्याच्या एका कारखान्यात हंगामी होता, आणि त्याच महिन्यात त्याला कायम करायचं चाललं होतं. घरात म्हातारी आई, पाठच्या दोन बहिणी. कायम होण्याआधी ठाण्याचा दाखला लागे. मुकादमानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की पोलीस केस झाली तर गेटवर तोंड दाखवू नकोस. हे मला त्याच्या आईनं सांगितलं. ती ठाण्याच्या पायरीवर बसून होती, रडत नव्हती, नुसती दाराकडे बघत होती. मी दोनदा पाणी पाठवलं, तिनं घेतलं नाही.

"मैदानावर गेला होतास?"

"गेल्तो."

"कशाला?"

गप्प.

"घमेल्यात काय होतं?"

गप्प. मान खाली, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासतोय.

माणूस खोटं बोलायला लागला की बरं असतं. खोट्याला टोक असतं, ते धरून ओढता येतं. गप्प बसणारा माणूस फार छळतो. हवालदार म्हणाले, "सायेब, दोन फटके टाकू का? पोपटावानी बोलंल." मी म्हणालो, "पोपट शिकवलेलंच बोलतो, हवालदार. मला शिकवलेलं नको." ते हिरमुसले. पण मीही आतून चडफडत होतोच. बाहेर गावात परिस्थिती बिघडत चालली होती. गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण घेणं बंद केलं होतं. वस्तीतली पोरं कामावरून गटानं परतायला लागली होती. दोन्हीकडे पोरांच्या हातात काठ्या दिसत होत्या. वरिष्ठांचा निरोप होता, लवकर अटक दाखवा, म्हणजे गाव थंड होईल. अटक दाखवली असती तर गाव थंड झालंही असतं. त्या पोराची नोकरी मात्र गेली असती.

मला बसवेना. एकटाच उठून गिरणीवर गेलो. गिरणीवाला पिठानं पांढराफटक, मला बघून आणखी पांढरा पडला.

"घाबरू नका. मला एवढंच सांगा, घमेलं त्यानं धरलं कसं होतं?"

"कसं म्हंजी? डोक्यावर व्हतं की."

"दोन्ही हातांनी धरून?"

"व्हय. जड आसंल. मान ताठ करून चालत हुता."

"आणि तोंड कुणीकडे होतं? मैदानाकडे की वस्तीकडे?"

गिरणीवाला विचारात पडला. "वस्तीकडं. म्हंजी मला पाठमोरा दिसला न्हाई का."

झालं! रिकामं घमेलं माणूस काखेत मारतो, भरलेलं डोक्यावर घेतो. काच पेरून घरी निघालेल्याचं घमेलं रिकामं हवं. याचं परतताना भरलेलं होतं. अख्ख्या गावानं, माझ्या हवालदारानं आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही, घमेलं बघितलं आणि काच समजून मोकळे झालो. साप साप म्हणून भुई धोपटणं यालाच म्हणतात.

परत येऊन मी पाऱ्यासमोर बसलो. "मैदानातून माती नेलीस ना?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. डोळे भरून आले. मग बांध फुटावा तसा बोलायला लागला.

"व्हय, नेली. नव्या मैदानात जुन्याची माती घालावी लागती, न्हायतर मंडळ टिकत न्हाई. शाळंपाशी मैदान केलं तवा ओढ्याकाठची माती बैलगाडीनं आणून पसरली यांनी. आमाला कोन देनार? म्हून घेतली. चोरून घेतली. माझ्या बाचा घाम हाय साहेब त्या मातीत."

"मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलू? ज्यांच्यातनं रागानं भायेर पडलो त्यांचीच माती चोरून न्हेली आसं बोलू? समदं गाव हसलं आसतं. त्यापरीस काच पेरली म्हनत्यात ते परवडलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. नोकरी जाते आहे, आई पायरीवर बसली आहे, आणि या बहाद्दराला हसं होण्याची लाज! पण माणूस असाच असतो. गुन्हेगार म्हणवून घेईल, पण दुसऱ्याच्या मातीवर उभा आहे असं म्हणवून घेणार नाही.

पंचांना घेऊन आम्ही वस्तीतल्या नव्या मैदानावर गेलो. मध्यरेषेखाली त्यानं माती घातली होती. खणली, आणि वाईट प्रसंग आला. त्या मातीतूनही काच निघाली. जमलेल्या गावकऱ्यांत गलका उठला. "बगा! हितंबी काच! ह्येनंच आनली!" हवालदार माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघायला लागले. पाऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला.

मी ओरडलो, "गप्प बसा सगळे! स्वतःच्या मैदानात, जिथं उद्या स्वतः अनवाणी खेळायचं, तिथं काच पेरायला तो काय खुळा आहे?"

गलका थांबला. पंचनामा लिहून झाला, तुकडे पाकिटात घालून मोहोर लावली. शाळेच्या मैदानातले तुकडे ठाण्यात होतेच. दोन्ही सारखेच, जाड, किंचित बाक असलेले, एका बाजूनं काजळलेले. बाटली अशी नसते आणि खिडकीची काचही नसते. तरी नक्की काय ते मला कळेना.

अप्पांना बोलावलं. दोन्हीकडचे तुकडे टेबलावर ठेवले. अप्पांनी एक उचलला, उजेडात धरला, अंगठ्यानं काजळी पुसली. मग तो तुकडा त्यांनी जपून परत टेबलावर ठेवला.

"ही आमच्या गॅसबत्तीची काच हाय."

"कुठल्या?"

"लई जुनी गोष्ट. ओढ्याकाठच्या मैदानावर फायनल व्हती, बत्त्या लावल्या व्हत्या. मारामारी झाली, बत्त्या फोडल्या समद्या. काचा तशाच माती वढून बुजवल्या आमी एका कोपऱ्यात. तितं कुनी खेळतच नव्हतं. नव्या मैदानाला माती उचलली ती त्या कोपऱ्यातलीबी." त्यांनी अंगठ्याची काजळी धोतराला पुसली. "बैलगाड्या भरताना पोरं म्हनली, अप्पा, चाळून घिऊ. म्याच वरडलो. म्हनलं, ह्या मातीला चाळण लावायची न्हाई. अंगाऱ्याला कुनी चाळण लावतं का? म्हाताऱ्यांचा घाम हाय तिच्यात. म्याच म्हनलो, साहेब."

मैदानाची बाकी सगळी माती ते दरवर्षी चाळत. खडा ठेवत नसत. एवढी एकच माती त्यांनी भक्तीनं तशीच पसरली होती.

खात्रीसाठी आम्ही ओढ्याकाठी गेलो. कारखान्याची भिंत वर येत होती, पण कोपरा अजून मोकळा होता. हातभर खणल्यावर पिचकलेली बत्तीची टाकी आणि काचाच काचा. दुसरा पंचनामा झाला. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी 'क' समरीची, म्हणजे प्रकरण बंद करायच्या अहवालाची, तयारी केली.

अप्पा मागोमाग ठाण्यात आले. हात जोडून म्हणाले, "फिर्याद मागं घेतो. त्याच्या नोकरीला अडकाठी करू नका. पन ही गोष्ट आपल्यातच ऱ्हाऊ द्या. पोराच्या पायाला बापच कारण, ह्ये गावाफुडं कसं सांगू?"

मला दया आली, पण रागही आला आणि राग वरचढ ठरला. "अप्पा, बोट तुम्ही गावासमोर दाखवलंत. आता खालीही गावासमोरच घ्यायचं. पंचनाम्यानं माझी फाईल मिटेल, गावाचं तोंड नाही मिटणार. ते तुमच्याच हातात आहे."

मला वाटलं, येणार नाहीत. पण आले. शाळेच्या मैदानावर गाव गोळा झालं, वस्तीतले लोक एका कडेला उभे राहिले. अप्पांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि जे मला सांगितलं ते शब्दन् शब्द सांगितलं. त्या दिवशी मी त्या म्हाताऱ्याला मनापासून सलाम केला. तिथून ते सरळ वस्तीत गेले, पाऱ्याच्या घरात बसले, त्याच्या आईनं दिलेला चहा प्याले. मंडळ बरोबरीनं उभं केलेल्या मित्राच्या उंबऱ्याच्या आत ते पहिल्यांदाच गेले होते. मी दारात उभा होतो, म्हणून सांगतो.

"चल पोरा," अप्पा म्हणाले, "मंडळात ये. कर्नधार तूच. पोराचा पाय बरा झाला तरी तूच."

पारा खाली बघत होता. "अप्पा, तुमी आलात, चा पिलात, आई खूश झाली. पन खेळाय न्हाई यायचो मी. तुमच्यातबी न्हाई आन हितंबी न्हाई."

"का रं?"

"उद्या मैदानात कुनाचा पाय कापला, तर समदी पैल्यांदा माझ्याकडंच बगतील. मग मी चढाई करू का मागं बगू?"

अप्पांनी मांडीवरचं पागोटं डोक्यावर चढवलं आणि ते उठले. मी दारातून बाजूला झालो.

त्याला नोकरी मिळाली, कायम झाला. ठाण्याचा दाखला मीच लिहिला आणि त्यात एकही शब्द आखडता घेतला नाही. अप्पांचा मुलगा थोडा लंगडत का होईना, चालायला लागला. कागदावर प्रकरण इतकं छान मिटलं की वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला मात्र तेव्हाही स्वस्थता नव्हती आणि आजही नाही. खून, दरोडे मी पुष्कळ उघडकीला आणले. या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच, की संशय घ्यायला गावाला एक सकाळ पुरते आणि तो धुवायला पोलिसांचा पंचनामा पुरत नाही. म्हणून पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी सांगत आलो, चौकशीला माणूस आणायच्या आधी दहादा विचार करा, निर्दोष सुटला तरी तो पहिल्यासारखा घरी जात नाही.

बदली व्हायच्या आधी एकदा सामन्याच्या बंदोबस्ताला गेलो होतो. चुन्याच्या रेषा, शिट्ट्या, पोरांचा दंगा. पारा रस्त्यावर सायकल टेकवून उभा होता, मैदानापासून लांब. मी म्हणालो, "अरे, पुढे जाऊन बघ की." तो हसला, म्हणाला, "हितनं दिसतंय, साहेब." आणि सामना ऐन रंगात आलेला असताना पायडल मारून निघून गेला.