गाऱ्हाण्यातलं गाव

नारळ फुटल्याचा तो ओला, गोडसर वास आला की मला पोलादपूरचं ग्रामदेवतेचं देऊळ आठवतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि ज्यांच्या मोटार गॅरेजात मी कारकून होतो, ते सरदारजी उभे राहिले होते. फाळणीत सगळं सोडून आलेला माणूस. घाटात बंद पडलेल्या लॉऱ्या दुरुस्त करता करता त्यांनी स्वतःच्या दोन लॉऱ्या केल्या होत्या. रिवाजाप्रमाणे अर्ज भरण्याआधी दोन्ही उमेदवार देवळात आले. गुरव गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घालताना प्रत्येकाचं नाव आणि गाव देवाला सांगायचा. सरदारजींचा नारळ हातात घेऊन त्याने विचारलं, "गाव कंचा सांगू?" सरदारजींनी समईकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "होतं एक. आता तिथं आपलं कोणी नाय." गुरव अडला. गावाशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नव्हतं, आणि भरल्या देवळात कोणी तोंड उघडेना. शेवटी त्यांच्याविरुद्ध उभा असलेला म्हातारा शेतकरी खांबाला टेकल्या टेकल्या म्हणाला, "आपलाच गाव घाल रे. धा वर्सं हितंच तर हाय तो." गुरवाने पोलादपूरचं नाव घेतलं आणि नारळ फोडला. ती निवडणूक कोण जिंकलं, हे आता कोणी विचारत नाही. मी मात्र अजून प्रसादाचं खोबरं स्वतः न खाता शेजारच्याच्या हातावर ठेवतो. सरदारजींच्या पगारावर माझं घर चालत होतं, त्यांच्या शेजारी मीच उभा होतो, आणि ते चार शब्द त्यांच्या विरोधकाला बोलावे लागले.